कवडी उताणी पडेल का पालथी: प्रायोगिक आणि सैद्धांतिक संभाव्यता घरच्या घरी कशी समजून घ्यायची

माझा भाचा यंदा दहावीला आहे, म्हणजे भावाचा मुलगा, मला आत्या म्हणतो. मे महिन्यात आला तेव्हा संभाव्यतेचं प्रकरण उघडून बसला होता आणि वैतागून म्हणाला, "आत्या, पुस्तकात छापा पडण्याची संभाव्यता १/२ लिहिलीय, मी आत्ता दहा वेळा नाणं उडवलं तर सात वेळा छापा आला, मग पुस्तक चुकलंय का मी चुकीचं उडवतोय?" मला हा प्रश्न इतका आवडला की पुढचे चार दिवस आम्ही दोघांनी नाणी, फासे, कवड्या घेऊन फरशीवर ठाण मांडलं. त्यात जे केलं ते इथे क्रमाने लिहितेय, म्हणजे कुणाला घरी मुलांबरोबर करायचं असेल तर करता येईल. सामान फार लागत नाही, एक नाणं, लुडोचे दोन वेगळ्या रंगाचे फासे, चार कवड्या (पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळतात, नाही मिळाल्या तर चिंचोके दगडावर एका बाजूने पांढरे होईपर्यंत घासून घ्या), एक वही, पेन्सिल आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

सैद्धांतिक संभाव्यता म्हणजे नाण्याला हात न लावता काढलेली. सगळ्या शक्य निष्पत्ती, म्हणजे काय काय पडू शकतं ते, लिहायच्या, त्यातल्या आपल्याला हव्या त्या मोजायच्या, भागाकार करायचा, संपलं. फाशावर सहा आकडे, त्यातले सम तीन, म्हणून ३/६. प्रायोगिक म्हणजे प्रत्यक्ष टाकून बघितलेली, किती वेळा टाकलं आणि त्यातल्या किती वेळा हवं ते पडलं याचा भागाकार.

हे सगळ्यांना पाठ असतं. पण एक शब्द आहे जो मुलं व्याख्येत लिहितात आणि विसरून जातात, तो म्हणजे समसंभाव्य. मोजून भागाकार करायची मुभा फक्त तेव्हाच आहे जेव्हा प्रत्येक निष्पत्तीला सारखी संधी आहे. नाण्याला दोन बाजू आहेत एवढ्यावरून १/२ येत नाही, दोन बाजू सारख्या आहेत असं आपण मानतो म्हणून १/२ येतं. उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही, दोनच शक्यता, म्हणून काय मार्च महिन्यात पावसाची संभाव्यता १/२ झाली का? भाच्याला हे उदाहरण दिलं तेव्हा पहिल्यांदा त्याच्या डोक्यात उजेड पडला की १/२ हे नाण्याबद्दलचं आपलं एक गृहीतक आहे, आणि गृहीतक म्हटलं की ते तपासता येतं. प्रयोग त्यासाठीच करायचा.

पहिली पायरी: नाणं, आणि नोंद कशी ठेवायची

किती वेळा उडवायचं ते आधी ठरवा आणि वहीत वर लिहून ठेवा, समजा १००. हे आधी ठरवणं फार महत्त्वाचं आहे, कारण नाहीतर मुलं (आणि मोठेही) मनासारखा आकडा आला की थांबतात, आणि मग तो प्रयोग राहत नाही. तसंच नाणं सोफ्याखाली गेलं, भिंतीला टेकून उभं राहिलं तर काय करायचं हेही आधीच ठरवा. आम्ही ठरवलं की फरशीवर सपाट पडलं नाही तर ते धरायचंच नाही, मग छापा दिसत असो का काटा.

नाणं टेबलावर भिंगरीसारखं फिरवू नका. फिरवलेल्या नाण्यात कडेची घडण आणि वजनाचा बारीकसा फरकही निकालात उतरतो. हवेत उडवा, चांगलं गरगरू द्या. आणि उडवायच्या आधी कुठली बाजू वर आहे ती दर वेळी बदलत राहा, म्हणजे हातात नाणं जरा खुळखुळवून घ्या. हे मी उगीच सांगत नाहीये. पर्सी डायकोनिस नावाचे गणितज्ञ आहेत, आधी जादूचे प्रयोग करायचे, त्यांनी २००७ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर हिशेब मांडून दाखवला की माणसाने उडवलेलं नाणं सुरुवातीला जी बाजू वर असते त्याच बाजूने पडायची शक्यता किंचित जास्त असते, साधारण ५१ टक्के. आणि मग २०२३ मध्ये फ्रांतिशेक बार्तोश आणि त्यांच्या टीमने ते खरंच करून बघितलं, ४८ माणसं, ४६ प्रकारची नाणी, एकूण ३,५०,७५७ वेळा उडवलं, आणि सुरुवातीचीच बाजू वर आली ५०.८ टक्के वेळा. म्हणजे इतकं साधं नाणं, शाळेत सगळ्यात पहिलं उदाहरण, त्यातसुद्धा समसंभाव्य हा शब्द तंतोतंत खरा नाही आणि ते कळायला साडेतीन लाख वेळा नाणं उडवावं लागलं. मला हे वाचल्यापासून नाण्याकडे बघायची नजरच बदलली.

आता नोंद. ताळ्याच्या खुणा करा, चार उभ्या आणि पाचवी आडवी. पण नुसत्या शेवटी मोजू नका, दर १० फेकींनंतर एक ओळ लिहा: आतापर्यंत एकूण किती उडवलं, एकूण छापे किती, आणि त्यांचा भागाकार दशांशात. मग आलेख काढा, आडव्या अक्षावर फेकी, उभ्यावर तो भागाकार, आणि ०.५ वर पट्टीने एक आडवी रेघ. सुरुवातीला तुमची रेघ खूप वरखाली उड्या मारेल, नंतर हळूहळू ०.५ च्या जवळ घोटाळायला लागेल. हा आलेख मुलाने स्वतःच्या हाताने काढला पाहिजे, तयार बघून तो परिणाम होत नाही.

असाच आलेख जॉन केरिच नावाच्या गणिताच्या शिक्षकाने काढला होता. एप्रिल १९४० मध्ये तो डेन्मार्कमध्ये सासरच्या माणसांना भेटायला गेला होता, तेवढ्यात जर्मन सैन्य घुसलं आणि ब्रिटिश नागरिक म्हणून त्याला छावणीत अडकवून ठेवलं. तिथे त्याने एका नाण्याच्या १०,००० फेकी नोंदवल्या, छापे आले ५०६७. त्याच्या आधी फ्रान्सच्या बुफाँने ४०४० वेळा उडवून २०४८ छापे मिळवले होते आणि इंग्लंडच्या संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने २४,००० वेळा उडवून १२,०१२.

दुसरी पायरी: फरक किती चालतो

हाच या सगळ्याचा गाभा आहे आणि शाळेत नेमका हाच भाग राहून जातो. पुस्तकात सांगतात की फेकी वाढवल्या की प्रायोगिक उत्तर सैद्धांतिकच्या जवळ जातं. बरोबर, पण किती जवळ? दहात सात म्हणजे लांब का जवळ? शंभरात साठ म्हणजे?

नाण्यासाठी एक सोपा अंदाज लक्षात ठेवा. फेकींच्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि १ ला त्याने भागा, तेवढा फरक इकडे तिकडे सहज होऊ शकतो. १०० फेकींचं वर्गमूळ १०, म्हणून ०.१, म्हणजे ०.४ ते ०.६ मध्ये काहीही आलं तर नाण्यावर संशय घ्यायचं कारण नाही. १०,००० फेकी असतील तर वर्गमूळ १००, फरक ०.०१, म्हणजे ४९०० ते ५१०० छापे. केरिचचे ५०६७ त्यात बसतात. आणि १० फेकींना? वर्गमूळ साधारण ३.१६, म्हणजे फरक ०.३२ पर्यंत चालतो, १० पैकी २ ते ८ छापे. भाच्याचे सात त्यात आरामात बसले. (हा अंदाज साधारण १०० पैकी ९५ वेळा पाळला जातो, वीसात एखादा प्रयोग बाहेर जातोच, तेही लक्षात असू द्या.)

त्याचं तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून आम्ही मोजूनच काढलं. १० वेळा नाणं उडवलं की छापा-काट्याच्या एकूण १०२४ वेगवेगळ्या रांगा होऊ शकतात, त्यातल्या सात छापे असलेल्या १२०, आठवाल्या ४५, नऊवाल्या १० आणि सगळे छापे १, बेरीज १७६. म्हणजे सात किंवा जास्त छापे यायची संभाव्यता १७६/१०२४, साधारण १७ टक्के. ६० मुलांच्या वर्गात प्रत्येकाने दहा वेळा उडवलं तर दहाएक मुलांना सात किंवा त्याहून जास्त छापे येतील, तितक्याच जणांना सात किंवा जास्त काटे येतील. पुस्तक बरोबर, नाणं बरोबर, आणि तोही बरोबर.

एक गोष्ट बघा, अचूकता दहापट वाढवायची तर फेकी शंभरपट वाढवाव्या लागतात. त्यामुळे घरी ५० च्या जागी १०० वेळा उडवून फार काही साधत नाही. मुलं कंटाळली तर ताणू नका, चार जणांनी वाटून घ्या आणि बेरीज करा, पद्धत मात्र सगळ्यांची एक पाहिजे.

"आता काटा यायलाच पाहिजे"

हा गैरसमज इतका चिवट आहे की याला मी वेगळी जागा देतेय. पाच वेळा छापा आला की प्रत्येकाला वाटतं आता काट्याची पाळी, कारण शेवटी निम्मे निम्मे व्हायचेत ना. नाण्याला मागचं काही आठवत नाही. मग निम्म्याच्या जवळ जातं कसं? समजा पहिल्या १० मध्ये ८ छापे आले. पुढच्या ९९० मध्ये नाण्याने काहीही भरपाई केली नाही, अगदी निम्मे म्हणजे ४९५ छापे आले. एकूण झाले १००० पैकी ५०३, म्हणजे ०.५०३. सुरुवातीचे तीन जास्तीचे छापे तसेच आहेत, कुठे गेले नाहीत, फक्त त्यांचं महत्त्व उरलं नाही. आमटीत मीठ जास्त पडलं तर ते काढून घेता येत नाही, पण पातेलंभर पाणी वाढवलं की खारटपणा जाणवत नाही, अगदी तसंच. याकोब बर्नुली यांनी मोठ्या संख्यांचा नियम सिद्ध केला तो हाच, त्यांचा ग्रंथ ते गेल्यावर १७१३ मध्ये छापला गेला. नियम गुणोत्तराबद्दल बोलतो, पुढच्या फेकीबद्दल एक अक्षरही बोलत नाही. मटका आणि लॉटरीत माणसं नेमकी इथेच फसतात, "हा आकडा बरेच दिवस आला नाही" म्हणून त्यावर पैसे लावतात आणि घरं बसतात, त्यामुळे मुलांना हे दहावीतच नीट कळलं तर बरं.

तिसरी पायरी: फासा

इथे एका आकड्याची सैद्धांतिक संभाव्यता १/६. ६० दानं टाकली तर प्रत्येक आकडा १० वेळा यावा असं मुलांना वाटतं, तसं जवळजवळ कधीच होत नाही. ४ ते १६ च्या मध्ये काहीही येऊ शकतं. नाण्याचा अंदाज इथे चालत नाही, थोडं मोठं सूत्र लागतं: संभाव्यता गुणिले (१ वजा संभाव्यता), त्याला फेकींच्या संख्येने भागायचं, वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायची. ६०० दानांसाठी हे येतं ०.०३, म्हणजे प्रत्येक आकडा १०० च्या आसपास, साधारण ८२ ते ११८. आणि सहा आकडे तपासताय म्हटल्यावर एखादा जरासा बाहेर जाणं काही नवल नाही, एकच आकडा थोडा बाहेर गेला म्हणून फासा खोटा आहे असं लगेच ठरवू नका. तो कुठला आकडा आहे ते लिहून ठेवा आणि परत नवीन ६०० दानं टाका. पुन्हा तोच आकडा त्याच बाजूला बाहेर गेला, तर मात्र फाशात काहीतरी आहे.

फाशात काहीतरी असतंच याचा सगळ्यात सुंदर पुरावा वेल्डन यांचा. हे इंग्लंडचे प्राणिशास्त्रज्ञ, यांनी १८९४ मध्ये शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॅल्टन यांना पत्रातून आपल्या प्रयोगाचे आकडे कळवले: १२ फासे एकदम, असे २६,३०६ वेळा टाकले, म्हणजे एकूण ३,१५,६७२ दानं. त्यांनी ५ किंवा ६ किती वेळा पडतात ते मोजलं. सिद्धांताप्रमाणे एक तृतीयांश म्हणजे १,०५,२२४ यायला हवे होते, आले १,०६,६०२. भागाकार केला तर ०.३३७७, आणि हवं होतं ०.३३३३. डोळ्यांना हा फरक काहीच वाटत नाही, केरिचचा ०.५०६७ तर याहून लांब होता. पण वरचं सूत्र लावा: इतक्या दानांना फार तर ५३० इकडे तिकडे चालले असते आणि वेल्डनना जास्तीचे मिळाले १३७८. हे नुसत्या योगायोगाने होणं जवळपास अशक्य. कारण असं सांगतात की जुन्या फाशांवर टिंबं कोरून खड्डे करायचे, ६ च्या बाजूला सहा खड्डे म्हणजे ती बाजू हलकी, तिच्या समोर १, म्हणजे एकच खड्डा, ती जड. जड बाजू खाली, हलकी वर. ५ आणि २ चंही तसंच. पिअर्सन यांनी १९०० मध्ये सिद्धांत आणि प्रयोग यांचा मेळ बसतो का ते तपासायची जी कसोटी मांडली, ज्याला काय-वर्ग कसोटी म्हणतात, त्यात हेच आकडे वापरले होते.

म्हणजे फरक मोठा का लहान हे नुसतं बघून ठरत नाही, किती दानांत तो फरक आला त्यावर ठरतं. भाच्याकडून मी हे वाक्य वहीत मोठ्या अक्षरात लिहून घेतलं.

चौथी पायरी: जिथे मोजायलाच चुकतं

आता उलटी बाजू. प्रयोग आणि सिद्धांत जुळले नाहीत तर दर वेळी वस्तूतच खोट असते असं नाही, कधी कधी आपला सिद्धांतच चुकीचा मांडलेला असतो. दोन नाणी उडवा. निदान एक छापा येण्याची संभाव्यता किती? फ्रान्सचे द'आलांबेर, केवढा मोठा गणितज्ञ, त्यांनी १७५४ मध्ये ज्ञानकोशात लिहिलं की २/३. त्यांचा विचार असा की पहिल्याच फेकीत छापा आला तर काम झालं, नाहीतर काटा आणि मग छापा, नाहीतर काटा-काटा, अशा तीन शक्यता, त्यातल्या दोन आपल्या. शक्यता तीन आहेत हे खरं, पण त्या समसंभाव्य नाहीत, पहिली बाकीच्यांच्या दुप्पट आहे. चारही जोड्या लिहा, छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा, आणि उत्तर ३/४.

हे भांडण प्रयोगाने मिटवता येतं का? येतं, फक्त आधी किती फेकी लागतील त्याचा हिशेब करा. १०० फेकींत ३/४ म्हणजे ७५ आणि २/३ म्हणजे ६७, फरक ८ चा, आणि इतक्या फेकींत ८-९ ची हेलकावणी सहज होते, म्हणून १०० वर निकाल लागणार नाही. ४०० फेकी केल्या तर ३०० विरुद्ध २६७, आणि चालणारा फरक १७ ते १९ चा, तिथे चित्र साफ व्हायला लागतं. आम्ही दोघांनी २००-२०० वाटून घेतले आणि दुपारभरात झालं.

परीक्षेतही मुलं नेमकं इथेच मार्क घालवतात. दोन फाशांच्या प्रश्नात (१,२) आणि (२,१) एकच धरतात आणि नमुना अवकाशात (म्हणजे सगळ्या शक्य निष्पत्तींच्या यादीत) ३६ च्या जागी २१ लिहितात. एक फासा लाल आणि एक निळा घेऊन प्रत्यक्ष टाकून दाखवा, लाल १ निळा २ आणि लाल २ निळा १ हे वेगळे आहेत हे दिसलं की परत चूक होत नाही. आणि दहावीच्या पेपरात नमुना अवकाश पूर्ण लिहा, त्यातले घटक किती ते लिहा, मग घटना, मग घटनेतले घटक, मग भागाकार. पायऱ्यांना मार्क असतात, डोक्यात झालं तरी कागदावर उतरवा.

याच जातीचा एक प्रश्न इटलीत गॅलिलिओकडे आला होता. तीन फासे टाकून बेरीज ९ करायच्या सहा तऱ्हा आणि १० करायच्याही सहाच, मग जुगाऱ्यांना अनुभवाने १० जास्त वेळा येतंय असं का वाटतं? त्याने २१६ दानं मोजून दाखवली, ९ येतं २५ प्रकारे आणि १० येतं २७ प्रकारे. तीन तीन तीन हे एकाच प्रकारे पडतं, पण तीन तीन चार हे तीन प्रकारे. एक टक्क्याहून कमी फरक! किती दानं बघितली असतील त्या लोकांनी. मला इथे आवडतं ते हे की आधी प्रयोगाने शंका काढली आणि मग सिद्धांताने तिचं उत्तर दिलं.

पाचवी पायरी: कवड्या, म्हणजे जिथे सिद्धांत हात टेकतो

आमच्या आजीकडे उन्हाळ्यात चार कवड्यांचा पट चालायचा. जेवढ्या उताण्या, म्हणजे तोंड वर करून पडतील, तेवढं दान, चारही उताण्या म्हणजे चार आणि चारही पालथ्या पडल्या की आठ. आता सांगा, एक कवडी उताणी पडण्याची संभाव्यता किती? बाजू दोन आहेत म्हणून १/२ म्हणायचं का? कवडीची पाठ फुगीर, पोट चपटं, दोन बाजूंत काहीही सारखं नाही. इथे मोजून भागाकार करायला जागाच नाही, टाकून बघणं एवढाच मार्ग.

चारही कवड्यांवर पेनने वेगवेगळ्या खुणा करा, कारण प्रत्येक कवडी वेगळी असते, एखादी फार झुकणारी निघाली तर कळलं पाहिजे. फरशीवर टाकताय का चादरीवर ते एकच ठेवा, कारण जागा बदलली की उत्तर बदलू शकतं. ५० वेळा टाका, म्हणजे २०० नोंदी. समजा त्यातल्या ८० उताण्या निघाल्या आणि चारही कवड्यांचं साधारण सारखंच आलं. मग एका कवडीची प्रायोगिक संभाव्यता ०.४. (हा आकडा मी फक्त हिशेब दाखवायला घेतलाय, तुमचा वेगळा येईल, तोच वापरा.)

आणि आता मजा बघा, या प्रयोगातून आलेल्या आकड्यावर परत सिद्धांत उभा करता येतो. चारही पालथ्या म्हणजे ०.६ चार वेळा घेऊन गुणाकार, ०.१२९६. चारही उताण्या म्हणजे ०.४ चं तसंच, ०.०२५६. एकच उताणी असेल तर ती चारातली कुठलीही असू शकते म्हणून चार पट, ०.३४५६. दोन उताण्या असायच्या सहा तऱ्हा, तेही ०.३४५६. तीनच्या चार तऱ्हा, ०.१५३६. बेरीज करून बघा, बरोबर १ येते, नाही आली तर कुठेतरी चुकलंय. कवडी १/२ वाली असती तर आठ आणि चार दोन्ही सारखेच, १६ मध्ये एकदा आले असते. इथे मात्र आठ १०० दानांत १३ वेळा आणि चार जेमतेम २-३ वेळा. त्या खेळातलं आठचं दान खरंच किती दुर्मिळ हे कवडीच्या आकारावर ठरतं, आणि चिंचोके वापरलेत तर ते तुम्ही किती घासले त्यावर.

शेवटचं काम, जे बहुतेक जण करत नाहीत. हे भाकीत वहीत लिहून ठेवा आणि त्यानंतर नवीन १०० दानं टाकून जुळतंय का बघा. आधीचीच ५० दानं परत मोजून "बघ जुळलं" म्हणू नका, त्यांच्यावरूनच तर ०.४ काढलंय, ती जुळणारच. नवीन दानांशी जुळलं तर तुमचं कवडीबद्दलचं म्हणणं टिकलं. नाही जुळलं तर बहुतेक चार कवड्या एकमेकींसारख्या नाहीत किंवा टाकणारा त्या हातात नीट खुळखुळवत नाहीये.

कुणी म्हणेल एवढी मेहनत कशाला, कॉम्प्युटरवर लाख फेकी एका मिनिटात होतात. होतात, आणि आलेख कसा शांत होत जातो ते बघायला एक्सेलमध्ये जरूर करा. पण कॉम्प्युटर तुमचा फासा टाकत नाही, तुम्ही त्याला १/६ सांगितलंय म्हणून तो १/६ परत देतो. तुमच्या लुडोच्या फाशाचा कोपरा झिजलाय हे त्याला कुठून कळणार?

एक शेवटचा हिशेब, खेळातला नाही

१७१० मध्ये लंडनचे डॉक्टर जॉन आर्बथनट यांनी १६२९ पासूनच्या ८२ वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या (ख्रिस्ती बाळांच्या नामकरणाच्या, म्हणजे जवळपास जन्माच्याच) नोंदी काढल्या, प्रत्येक वर्षी मुलगे मुलींपेक्षा जास्त. मुलगा-मुलगी जर नाण्यासारखं १/२ असेल तर सलग ८२ वर्षं एकाच बाजूने दान पडायची संभाव्यता १ भागिले २ चा ८२ वा घात, छेदात २५ अंकी संख्या. म्हणजे १/२ हे गृहीतकच चूक. आज माहीत आहे की निसर्गतः १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे मुलग्याची संभाव्यता ०.५१२ च्या आसपास, १००० मुलग्यांमागे साधारण ९५२ मुली.

आता महाराष्ट्राचा २०११ च्या जनगणनेतला आकडा घ्या. ० ते ६ वयाच्या १००० मुलग्यांमागे मुली ८९४. १००० ला १८९४ ने भागा, ०.५२८ येतं. ०.५१२ आणि ०.५२८, वेल्डनच्या फाशांसारखाच डोळ्याला न दिसणारा फरक. पण ही मुलं होती सुमारे १ कोटी ३३ लाख, त्याचं वर्गमूळ साधारण ३६५०, म्हणजे चालू शकणारा फरक ०.०००३ सुद्धा नाही आणि इथे फरक आहे ०.०१६ चा, पन्नास पटीहून जास्त. त्यात निसर्गतः लहान वयात मुलगे थोडे जास्त दगावतात, म्हणजे मुलींचा आकडा ९५२ च्या वरच जायला हवा होता. हे योगायोगाने होत नाही. हा हिशेब करताना भाचा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "म्हणजे आत्या, इथे फासा कुणीतरी मुद्दाम जड केलाय." गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये सगळ्या राज्यांच्या आधी केला, देशभराचा कायदा १९९४ मध्ये आला, आणि तरी २०११ ला आकडा हा.

आपापल्या जिल्ह्याचा आकडा जनगणनेच्या तक्त्यात मिळतो. १००० ला (१००० अधिक मुलींचा आकडा) ने भागा, शेजारी ०.५१२ लिहा, आणि तिसऱ्या रकान्यात जिल्ह्यातल्या त्या वयाच्या मुलांच्या संख्येचं वर्गमूळ काढून १ भागिले ते.